आतली कडी

सरकारी दप्तरात माझी नोंद 'अत्यंत दयनीय अवस्थेतील तरुण स्त्री' अशी आहे. कॉपिंग पेन्सिलीनं, कार्बन घालून, तीन प्रतींत. ती दुरुस्त करून घ्यावी असं आमच्या ह्यांनी दोनदा सुचवलं, आणि माहेरी तर मी हे अजून कळूच दिलेलं नाही. पण मी ती राहू दिली आहे. का राहू दिली, ते क्षमा झोपली आहे तोवर लिहून काढते. क्षमा म्हणजे आमची मुलगी. तिची झोप ही सर्वस्वी तिच्या मर्जीची गोष्ट असल्यामुळे मध्येच कुठं धागा तुटला तर समजून घ्यावं.

सगळ्याची सुरुवात पोटदुखीपासून झाली. क्षमाच्या. ती दोन महिन्यांची होती आणि दुपारी चारच्या ठोक्याला जी रडायला लागायची, ती दिवेलागणीला निळी होईपर्यंत. आणि मुलुंडातलं आमचं भुसाऱ्याचं दुकानही दुपारी चारलाच उघडायचं. महिन्याचा पहिला आठवडा, दारात ही लांब रांग, माझ्या एका हातात तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात भोंगा. रांगेतल्या बायकांनी मन लावून सल्ले दिले. एकीनं बाळंतशेप सांगितली, दुसरीनं दृष्ट काढायला सांगितली, तिसरीनं मी काल वांगं खाल्लं होतं का ते विचारलं आणि मी हो म्हटल्यावर मागच्या बायकांकडे असं पाहिलं, की बघा, कबूल केलं.

दुकानाच्या ओट्यावर एक बाई धान्य निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि "द्या इकडं" म्हणाली. मी दिलं. कुणीही मागितलं असतं तरी दिलं असतं, अशी माझी तेव्हा अवस्था होती. तिनं क्षमाला आपल्या हातावर पालथी घातली, पिळलेलं लुगडं वाळत घालायला नेतात तशी, आणि पाठीवर तळवा फिरवत ओट्यावर चार येरझाऱ्या मारल्या. क्षमानं एखाद्या जेवून उठलेल्या व्याह्यासारखी ढेकर दिली आणि ती झोपली. तीन तास झोपली. मी तांदूळ न घेताच घरी आले आणि तिच्याशेजारी आडवी झाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला स्वप्न पडलं. त्यात मी नुसती झोपलेली होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईसाठी डिंकाचे दोन लाडू घेऊन गेले. नाव शेवंती. राहतेस कुठं, म्हणून विचारलं, तर तिनं बसल्या जागेवर हात टेकला आणि म्हणाली, "हितंच." तिची माणिक नावाची चार वर्षांची पोर मागच्या पोत्यांच्या आड भातुकली खेळत होती. दुकान बंद झालं की ओटा त्या दोघींचा, आणि उजाडायच्या आत दुकानाचा गडी ओटा धुवायला आला की उठायचं. एवढंच. आमच्या चाळीत पाणी पहाटे चारला येतं हे मी ज्या सुरात सांगीन, त्याच सुरात तिनं हे सांगितलं. पुढं म्हणाली की दिवाळीपर्यंतच आहे हे. शेटजी ओट्याला लोखंडी जाळी बसवणार आहेत, माप घेऊन गेला माणूस.

तेव्हा श्रावण चालू होता.

मी तिला आमच्याकडेच चल म्हटलं. आमची दीड खोली, त्यात आम्ही दोघं, ह्यांची सायकल आणि पाळणा. पण म्हटलं खरं. ती हसली. म्हणाली, ताई, आज तुमच्याकडं यीन, आन् चार दिसांनी तुमचं पावणं आलं की? तवर वट्याची जागा दुसरं कोन तरी घेतंय. बिऱ्हाड बदलताना आमच्या ह्यांनी पागडीचा विचार ह्याच धोरणानं केला होता.

आता आमच्या भगिनी मंडळाविषयी सांगितलं पाहिजे. मंडळाला तीन वर्षं झाली होती. अध्यक्षा रत्नप्रभाबाई, त्यांचे यजमान निवृत्त मामलेदार. त्यामुळे सरकार म्हणजे आपल्या सासरकडचं कुणीतरी आहे, थोडं तिरसट पण मानपान केला की वळणारं, असा त्यांचा पक्का समज. चिटणीस मी. माझं अक्षर चांगलं आहे आणि निवडणुकीच्या दिवशी मी बाळंतपणाच्या खाटेवर होते, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

मी मंडळात शेवंतीचा विषय काढला. बायकांनी हळहळ केली, आणि मला वाटलं आता पुढचा विषय दिवाळीचा फराळ. पण रत्नप्रभाबाईंनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. रस्त्यावर झोपणाऱ्या निराधारांना छप्पर मिळवून देणाऱ्या संस्थांना सरकार अनुदान देणार होतं. किमान पाच आश्रयार्थी हवेत आणि संस्थेकडे जागा हवी, बस्स. जागाही निघाली. युद्ध संपून दहा वर्षं होत आली तरी लष्करी बराकी तशाच उभ्या होत्या, त्यांतली एक एका लाकूडवाल्यानं घेतली होती. रत्नप्रभाबाई त्याच्या घरी जाऊन बसल्या, उठेचनात, तेव्हा त्यानं अर्धी बराक दिली. तिला भिंती तीन होत्या, छपराचे निम्मे पत्रे गेले होते, आणि दाराच्या जागी एक भोक होतं. पण जागा होती. अनुदान आलं की पत्रे, दार, चौथी भिंत. दिवाळीच्या आत.

मी अर्ज लिहिला. इतका सुरेख लिहिला की शेजारच्यांना वाचून दाखवला. आमच्या खालच्या खोलीत धाकूकाका राहतात, गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "गो बाये, सरकाराक अर्ज करणां म्हणजे देवाक कौल लावणां. पाकळी उजवी पडता काय डावी, ता गप बसान बघूचां. बोट लावन पाडूची नाय." मी म्हटलं, काका, मी कशाला बोट लावते?

मग पुढचा दीड महिना मी बोट लावण्यापलीकडे काही केलं नाही.

पहिल्यांदा मुंबईला कोटातल्या कचेरीत गेले ती क्षमाला कडेवर घेऊनच. कारकुनानं संस्थेचं तीन वर्षांचं इतिवृत्त मागितलं. इतिवृत्ताची वही मी अभिमानानं पुढं केली. आमच्या मंडळाची पद्धत अशी, की सभेला जिच्या घरी जमायचं तिनं काहीतरी नवीन करून खाऊ घालायचं, आणि चिटणीसानं ते वहीत उतरवून घ्यायचं. कारण बाकीची सभा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण कृती चुकली तर भांडणं होतात. कारकून मोठ्यानं वाचू लागला. "मार्च. भरली मिरची. मेथ्या तळताना आच मंद. सर्वानुमते मंजूर." पान उलटलं. "एप्रिल. चिरोटे. साठा फार पातळ झाल्याबद्दल सभा खेद व्यक्त करते." शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून मागं येऊन उभे राहिले. त्यांतल्या एकानं चिरोट्यांचं पान उतरवून घेतलं. संस्था अन्नदानाचं कार्य करते, असं समजावं काय, म्हणून कारकुनानं विचारलं, आणि मी मान हलवली. खोटं नव्हतं ते. सभेला आलेल्या एकाही भगिनीला आम्ही कधी उपाशी पाठवलेलं नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा अर्ज परत आला होता. 'आश्रयार्थीचा सध्याचा पत्ता' हा रकाना मी रिकामा सोडला होता. मी सांगून पाहिलं, की पत्ता नाही म्हणून तर अर्ज आहे. कारकून सज्जन होता, त्याला पटलं. पण रकान्याला पटलं नव्हतं. म्हणून मी 'भुसाऱ्याचा ओटा, उजवी बाजू' असं लिहिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वरच्या साहेबांचा शेरा होता, की ज्या अर्थी पत्ता आहे त्या अर्थी निराधार असल्याचा पुरावा जोडावा. पुरावा कोण देणार? भुसारी देईल, म्हणून त्याच्याकडे गेले, तर तो म्हणाला, माझ्या ओट्यावर कोणी राहतं असं मी लिहून दिलं तर उद्या ती भाडेकरू ठरेल. सगळी माणसं समंजस होती आणि सगळ्यांचं बरोबर होतं, ही ह्यातली खरी अडचण. ती कचेरी, तो भुसारी आणि माझ्या सासूबाई ह्यांच्याशी वाद घालताना मला नेहमी हाच अनुभव येतो.

शेवटी रत्नप्रभाबाईंच्या यजमानांनी मामलेदारी मराठीत एक दाखला लिहून दिला. त्यातलं एक अक्षरही कुणाला कळलं नाही. तो ताबडतोब मंजूर झाला, आणि पोस्टकार्ड आलं: येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता तपासनीस प्रत्यक्ष पाहणीस येतील.

(क्षमा उठली होती. पुन्हा झोपली. हे वाक्य लिहायला सव्वा तास लागला.)

पाहणी हा शब्द आमच्या बायकांनी वाचला आणि तिथंच घोटाळा झाला. आपल्याकडे कुणी पाहायला येणार म्हटलं की काय करायचं, हे प्रत्येकीला तोंडपाठ होतं. प्रत्येकीला स्वतःला कुणी ना कुणी पाहून गेलेलं होतं. गुरुवारी सकाळी रत्नप्रभाबाईंच्या घरचा बंब पेटला. शेवंती आणि माणिक, देवळाच्या पायरीवरच्या दोघी म्हाताऱ्या आणि स्टेशनच्या जिन्याखाली राहणारी, वारा घ्यायचे विंझणे विणून विकणारी एक बाई अशा पाचहीजणींना तेल लावून, शिकेकाईनं न्हाऊ घातलं. वेण्या घातल्या, कुंकवं लावली. मग कुणीतरी म्हणालं, की ह्या फाटक्या लुगड्यांत पाहुण्यांपुढं कसं बसवायचं? लागल्या ट्रंका उघडायला. रत्नप्रभाबाईंनी आपली नारायणपेठी काढली. मी माझी इरकली काढली. हिरवी, डोहाळजेवणाची. धड म्हणावी अशी माझी तेवढी एकच साडी आहे, आणि ती मी शेवंतीला नेसवली. निऱ्या मीच घातल्या. तिनं मला जी पहिली झोप दिली होती तिच्यापुढं ती इरकली म्हणजे काहीच नव्हती, पण हे तिला सांगायचं सोडून मी निऱ्यांतच तोंड घालून राहिले. ती म्हणाली, ताई, पिना दातात धरू नका, गिळाल.

बराक सारवून झाली, रांगोळी झाली, सतरंजी झाली. पोह्यांचं काम माझ्याकडं. आत स्टो लावायला अध्यक्षांची मनाई, म्हणून मी क्षमाला घेऊन बराकीच्या मागं बसले. तिथं पुढील गोष्टी ह्या क्रमानं झाल्या. चपलेचा अंगठा तुटला. क्षमानं, तिला आता दात येत होते, माझ्या खांद्यावर दूध काढलं. मी पुसायला वाकले तेवढ्यात स्टो भडकला. काजळी तोंडभर, आणि उजवी भुवई निम्मी जळाली. पोहे मात्र वाचले, खालची खरपुडी तेवढी लागली. चांगले पोहे पातेल्यात काढून झाकून ठेवले. सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता. म्हणून दगडावर बसले, क्षमाला पदराखाली घेतलं आणि कढईतली खरपुडी बोटांनी खरवडून खाऊ लागले.

शेताच्या बाजूनं एक गृहस्थ आले. कोट, टोपी, काखेत चामडी पिशवी. दीड वाजला होता, त्यामुळे तपासनीस असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सरकार दीड तास आधी येतं हे कुणाच्या ऐकिवात आहे? त्या आठवड्यात आमच्या भागात देवी डॉक्टर पोरांना टोचायला फिरत होता. मी समजले, तोच. त्यांनी बाळाकडं पाहिलं तेव्हा तर खात्रीच झाली.

ते फार मऊ आवाजात बोलले. इथं किती दिवस आहात, म्हणाले. मला वाटलं मुलुंडात. मी म्हटलं, तीन वर्षं. नवरा? मी म्हटलं, आहेत, पण रोज घरी येतीलच असं नाही. हे भांडुपच्या कारखान्यात टाइमकीपर आहेत, पाळ्यांचं काम. पण एवढं सगळं देवी डॉक्टरला कशाला सांगायचं? झोप वगैरे मिळते का, असं विचारलं. आजवर एकाही डॉक्टरनं मला हे विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, झोप कुठली, चार महिने झाले, अंगाखाली धरित्री आहे की पाण्याचा हंडा तेसुद्धा कळत नाही. आज काही खाल्लंत का? मी कढई दाखवली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, डोळ्यात धूळ गेली. "लवकरच व्यवस्था होईल, बाई," ते म्हणाले, "आता काळजी करू नका."

टोचायचं म्हणताहेत, असं समजून मी विचारलं, "तिला फार दुखेल का हो?"

ते म्हणाले, "आता नाही दुखणार." आणि वाकून त्यांनी क्षमाच्या मुठीत एक चवली ठेवली.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मूल पहिल्यांदा पाहिलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही रीत आताशा आपल्याच नातेवाइकांच्या लक्षात राहत नाही, आणि हा परका माणूस, सरकारी नोकर, पण किती रीतीचा. मी क्षमाचे दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार करवला. वर म्हटलं, देव तुमचं भलं करो. हे वाक्य मी एरवी वापरत नाही. नेमकं त्या दिवशी तोंडात आलं.

पुढं बराकीत काय झालं ते मला नंतर शेवंतीकडून कळलं. रत्नप्रभाबाई त्या वेळी घरी अत्तरदाणी आणायला गेल्या होत्या. मंडळाच्या बाकीच्या तिघी, दोघी पिकल्या केसांच्या आणि एक प्रौढ, पदर खोचून, घामानं निथळत अंगणातला चिखल ओढत होत्या. त्यांनाही तपासनीस तीनला यायचे होते, तेव्हा आलेल्या माणसाकडं कुणी वळून पाहिलं नाही. आत सतरंजीवर नारायणपेठी, इरकली आणि गजरे. साहेब शेवंतीपुढं बसले आणि कागद काढून विचारू लागले, की आपल्या मते ह्या निवाऱ्यात सर्वांत आधी काय पाहिजे?

आम्ही अर्जात ह्याच रकान्याला दीड पान लिहिलं होतं. शिवणयंत्र, साक्षरतेचा वर्ग, भजन, सुविचारांचा फळा. शेवंतीला ते ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं, "आतली कडी."

साहेब म्हणाले, कडी?

"दाराला आतनं कडी. भाईरनं लावायची न्हवं. रातच्याला कुनीबी येतंय, कुनीबी उठीवतंय. आपुन लावली आन् आपुन काडली, अशी कडी पायजे. बाकी भाकरीचं आमचं आमी बघतो."

साहेबांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मी पोह्यांचं पातेलं घेऊन आत शिरले तेव्हा रत्नप्रभाबाई नुकत्याच परत येऊन, देवी डॉक्टर इथं काय करताहेत अशा नजरेनं त्यांच्याकडं बघत होत्या. साहेब मला पाहून उठून उभे राहिले. "आधी ह्या बाईंना खायला द्या," म्हणाले, "सकाळपासून उपाशी आहेत."

"त्या? त्या आमच्या चिटणीस," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सौभाग्यवती कुंदाताई. आपण कोण?"

आपण कोण ते साहेबांनी सांगितलं.

माझ्या उरलेल्या दीड भुवया कपाळात चढल्या. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, अनवाणी पायांकडं पाहिलं, मग शेवंतीच्या इरकलीकडं पाहिलं. ह्या मग कोण, एवढंच त्यांनी विचारलं. आणि रत्नप्रभाबाई, चाळीस वर्षं मामलेदाराच्या घरात काढलेली बाई, चटकन बोलल्या नाहीत. मी त्यांच्या मनातलं ओळखलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. बाहेर राबणाऱ्या आम्हांला निराधार आणि आत नटून बसलेल्यांना मंडळ धरून फॉर्म भरून झाला होता. तो चुकीचा ठरला तर रद्द. नवा अर्ज, नवा दाखला, नवी पाहणी, सगळं संक्रांतीनंतर. आणि भुसाऱ्याची जाळी दिवाळीला. त्यापेक्षा आहे तसं चालू दे. मीच ती निराधार, असू दे. काय बिघडतं? मी पातेलं घट्ट धरून गप्प उभी राहिले. खोटं बोलायची हिंमत नव्हती, पण गप्प बसायची होती.

शेवंती उठली. पदर नीट केला.

"सायेब, ही साडी ह्यांची हाय," ती म्हणाली. "चिटणीस त्याच. वट्यावरली ती मी, आन् ही माजी पोर. पर कडीचं मी खरं सांगितलं."

साहेब पुन्हा सतरंजीवर बसले. फॉर्म मांडीवर घेतला आणि पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर ठेवत स्वतःशीच वाचू लागले. "वृद्ध स्त्रिया, दोन." त्यांनी म्हाताऱ्यांकडं पाहिलं. "प्रौढ स्त्री, एक." विंझणेवाली. "तरुण स्त्री, एक. मूल, एक." ते थांबले. माझ्याकडं आणि क्षमाकडं पाहिलं. मग शेवंतीकडं आणि माणिककडं पाहिलं. पुन्हा एकदा तसंच केलं.

"एकूण पाच," ते म्हणाले. "बरोबर आहे की."

रत्नप्रभाबाईंनी श्वास सोडला तो बाहेरच्या बायकांनाही ऐकू गेला असावा.

"मात्र शेऱ्यात तरुण स्त्रीचं थोडं वर्णन आलं आहे," साहेब माझ्याकडं वळून, कानापर्यंत लाल होत म्हणाले. "एक शब्द जरी खोडला तरी फॉर्म बाद होतो. वर्णन तुमचं आहे, बाई. राहू देऊ का?"

मी कागद हातात घेऊन वाचलं. 'अत्यंत दयनीय अवस्थेतील.' पुढं 'तरीही संभाषणात सुसंस्कृत' असंही होतं, हे मी मुद्दाम नमूद करते. शेवंतीकडं पाहिलं. हिरव्या इरकलीत ताठ उभी होती, केसांत गजरा. तिला त्यातला एकही शब्द लागू पडत नव्हता. आणि लागू पडू नये, असंही मला फार वाटलं. कुणाच्या तरी नावावर तो शेरा जायचाच होता. माझ्यावर गेला तर मी तो धुऊन टाकू शकत होते. घरी जाऊन, आमच्या दीड खोलीत, आमच्या पाण्यानं. मी म्हटलं, राहू द्या.

मग प्रश्न निघाला, की संस्थेच्या वतीनं कडीविषयी बोलणाऱ्या ह्या बाई कोण म्हणून लिहू? तेवढी जागा कोरी होती. आता रत्नप्रभाबाईंना वेळ लागला नाही. म्हणाल्या, "लिहा, व्यवस्थापिका. निवाऱ्यातच राहतील." आणि शेवंतीकडं वळून, "राहशील ना गं?"

निघताना मी ती चवली परत करायला गेले. एव्हाना ती कशाबद्दल होती ते मला कळलं होतं, आणि जळालेल्या भुवईपेक्षा तेच जास्त झोंबत होतं. साहेबांनी हात मागं घेतले. म्हणाले, "बाळाच्या हातावर ठेवलेलं परत घेत नाहीत, बाई." त्यांनी दोन बश्या पोहे खाल्ले आणि शेताच्या वाटेनंच गेले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. पण अजूनही तिन्हीसांजेला दिवा लावताना मी त्यांची आठवण काढते.

मंजुरीचं पत्र दसऱ्याला आलं. धाकूकाका म्हणाले, उजवी पडली गो, आणि आपल्या हातांनी दाराची चौकट बसवायला आले. मागितलेल्या वस्तूंपैकी शिवणयंत्र कापलं होतं, सुविचारांचा फळा कापला होता. 'दारास आतील बाजूने कडी' ही पहिली बाब जशीच्या तशी मंजूर होती.

वसुबारसेला उद्घाटन ठेवलं. रत्नप्रभाबाईंनी कात्री आणली, फीत आणली. आम्ही सगळ्या हळदीकुंकवाची ताटं घेऊन, ह्या खेपेला आपापल्या चांगल्या साड्या नेसून दारात उभ्या. म्हाताऱ्या, विंझणेवाली, माणिक आणि शेवंती आधी आत गेल्या, कारण आमच्याच मते लक्ष्मीची पावलं आधी. शेवंतीनं माझी इरकली केव्हाच धुऊन, घडी करून परत दिली होती. त्या आत गेल्या, आणि रत्नप्रभाबाई कात्री उघडताहेत तेवढ्यात दार लागलं. आतून कडी वाजली.

आम्ही बाहेर उन्हात. ताटातलं कुंकू वाऱ्यानं उडतंय. कुणीतरी म्हणालं, विसरल्या वाटतं आपल्याला, हाक मारू का? रत्नप्रभाबाईंनी कात्री मिटली. म्हणाल्या, "नको. थांबा जरा." सरकार, मामलेदारी आणि लाकूडवाला ह्यांच्यापुढं जी बाई कधी थांबली नाही, ती रस्त्यावर गप्प उभी राहिली. आतून काही आवाज नव्हता. नुसती एकदा कडी काढल्याचा, लावल्याचा, पुन्हा काढल्याचा. धाकूकाकांनी कान दिला आणि चौकट घट्ट बसली आहे, असा निर्वाळा दिला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दार उघडलं. शेवंतीचे डोळे ओले होते, पण ती चारचौघी बायका पाहुण्यांना म्हणतात तशीच म्हणाली, "या. बसा. उन्हात का उभ्या?"

आम्ही आत जाऊन बसलो. ती माझ्याजवळ आली, क्षमाला घेतलं, पहिल्या दिवसासारखं हातावर पालथं घालून दाखवलं. मग कनवटीला चाचपून काहीतरी काढलं आणि तिच्या मुठीत दाबलं. भोकाचा पैसा होता. मी नको नको म्हणायला लागले तर मलाच दटावलं.

"नको काय, ताई? पयल्यांदा आलीया पोर माज्या घरला. मोकळ्या हातानं धाडू व्हय?"

तो पैसा आणि ती चवली माझ्या कुंकवाच्या करंड्यात शेजारी शेजारी आहेत. एक मला बेघर समजून मिळालेली आणि एक मी पाहुणी म्हणून गेले तिथं मिळालेला. क्षमाचं बारसं होऊन वर्ष होईल आता. तिच्या हातावर बऱ्याच जणांनी बरंच काही ठेवलं, वाटी, साखळ्या, एक चांदीचा खुळखुळा. ते सगळं ट्रंकेत आहे. ही दोन नाणी मात्र मी हाताशी ठेवली आहेत, ती मोठी झाली की

उठली.